कोरं

आग्रा रोडला, चपलांच्या दुकानावर, लाकडी जिना चढून
आमचं दुकान. पाटीवर ‘रिपेरिंग’ एवढंच दिसतं,
अलीकडचा शब्द उन्हाने खाल्ला.
मालकाचं नाव दगाभाऊ. दगा नावात आहे, पगारात नाही:
दहा तारखेला पैसे हातावर.

माल शनिवारी येतो. टॉवेलात गुंडाळून,
कधी गोणपाटात, एकदा तर भरताच्या वांग्यांखाली.
“सकाय लगून कोरं व्हवाले पाहिजे,” दगाभाऊ म्हणतो,
“आनि जास्त इचारू नको.”
मी विचारत नाही. मी स्टिकर काढतो.

हेअर ड्रायरची गरम हवा, चाळीस सेकंद,
मग नखाने कोपरा उचलायचा.
कॉलेजचं चिन्ह निघतं, गणपती निघतो,
कुणाच्या लेकराने चिकटवलेला हत्ती निघतो, सोंड मागे राहते.
सोंडेला थिनर.
मग आतलं: बायोडाटा, पत्रिका, बारशाचे फोटो, भाडेकरार.
एक बटण. पट्टी शंभरपर्यंत भरते
आणि यंत्र ताट घासून पालथं घातल्यासारखं गप्प.
बारा हजार. गिऱ्हाईक पॉलिटेक्निकचं पोरगं, सोबत बाप.
बाप झाकण दोनदा उघडून बघतो,
म्हशीचे दात बघावेत तसं.

त्या शनिवारचं काळं यंत्र पुसलं,
नवी विंडोज टाकली, माझ्या मोबाइलचं नेट जोडलं,
आणि अख्ख्या पडद्यावर अक्षरं:

    हा लॅपटॉप पारोळ्याच्या स्टँडवर माझ्या शेजारून गेला.
    लॅपटॉप ठेवा.
    ‘पातळी’ नावाचं फोल्डर तेवढं पाठवा.
    तेवीस गावांच्या विहिरी आहेत त्यात, अकरा वर्षांच्या.
    हेमांगी अहिरराव

खाली मेल, खाली नंबर.

हे सॉफ्टवेअर बोर्डाच्या पोटात असतं.
डिस्क पुसा, डिस्क बदला, हरळीसारखं परत उगवतं.
ऐकलं होतं. भेटलं पहिल्यांदा.
कॅमेऱ्याशेजारी हिरवा ठिपका लागला, विझला.
म्हणजे माझा चेहरा गेला कुठेतरी:
कपाळावर टॉर्च, ओठांत दोन स्क्रू.
मी बॅटरी उपटली.

पुसलेलं परत आणणंही मला येतं. त्याचा दर वेगळा आहे.
डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, शटर आतून ओढलं,
रात्रभर पंखा आणि ती, दोघांची घरघर.
पहाटे विहिरी वर यायला लागल्या.
धामणदर, मे, साडेअकरा मीटर.
आंबेविहीर, मे, कोरडी.
आंबेविहीर, मे, कोरडी.
आंबेविहीर, मे, कोरडी, तळाशी कासव.
बाकी कुठे एक शब्द जास्तीचा नाही. त्या कासवाजवळ मी थांबलो.
तेवीसपैकी एकोणीस गावं आली.
चारांवर माझी विंडोज बसली होती.

पेन ड्राइव्ह खिशात होता.
कुठल्याही कॅफेतून पाठवता आलं असतं, तोंडाला रुमाल बांधून.
मी डिस्क परत तिच्या जागी बसवली,
काळं यंत्र चालू केलं, नेट जोडलं, तिथूनच पाठवलं.
सतरा मिनिटं लागली.
सतरा मिनिटं कुठल्यातरी नकाशावर
आग्रा रोड, चपलांचं दुकान, वरचा मजला, मी.
का, असं दगाभाऊने विचारलं
तर मला उत्तर सापडेलसं वाटत नाही.

तिचं आलं लगेच. झोपली नसावी.
“चार गावं नाहीत.”
धन्यवाद नाही, शिवी नाही.
मी लिहिलं, “ती मी पुसली.”
असं वाक्य मी यापूर्वी कुणालाच लिहिलेलं नव्हतं;
पाठवून झाल्यावर दोनदा वाचलं.

आता साडेदहा. दगाभाऊ शिरपूरला, लग्नाला.
थिनरच्या बाटलीचं बूच सापडत नाही, वास सुटलाय.
जिन्याची नववी पायरी करकरते,
चहावाला पोरगा तिच्याआधीच शीळ घालतो.
आत्ता करकरली.
शीळ आली नाही.